बसता-उठता येईल असा पोशाख : रायपूरच्या टेलर मास्तरांस अनावृत पत्र

तात्यापारा, रायपूर
फाल्गुन वद्य पंचमी

रायपूर नगरातील समस्त टेलर मास्तर, शिवणकामाच्या दुकानांचे मालक आणि समारंभी वस्त्रांचे विक्रेते यांस,



होळीचा रंग अंगावरून पुरता उतरण्यापूर्वीच पंडरीच्या कपडा-बाजारात, गोलबाजारात आणि मालवीय रोडवरील दुकानांत लग्नसराईची गर्दी उसळू लागते, आणि गुढीपाडव्यापासून अक्तीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, आपल्या यंत्रांना रात्रीही विश्रांती मिळत नाही, हे या शहरात हयात घालविलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. अशा दिवसांत आपणांस दीर्घ पत्र वाचावयास लावणे उचित नव्हे, हे मी जाणते. परंतु ज्या तक्रारी येथे मांडावयाच्या आहेत त्या नेमक्या याच धांदलीतून उत्पन्न होत असल्यामुळे, कापडावर कात्री चालण्यापूर्वीच त्या आपल्या कानी घालाव्यात, या हेतूने हा अर्ज सादर करीत आहे.

तक्रारीचे सार एवढेच की, आपण आम्हां स्त्रियांना समारंभासाठी जे पोशाख शिवून देता ते आरशासमोर उभे राहण्यासाठी शिवलेले असतात, समारंभात वावरण्यासाठी नव्हे. जिला पूजेला पाटावर बसावे लागते, वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करावा लागतो, मंगलाष्टकांच्या वेळी अक्षता टाकण्यासाठी गर्दीवरून हात उंचवावा लागतो, पंगतीत वाढावे लागते आणि रडणारी नात कडेवर घ्यावी लागते, ती स्त्री आपल्या मापवहीत कोठेच नसते. तेथे असते ती श्वास रोखून ताठ उभी राहिलेली एक आकृती. परिणामी एक हात पदराशी, दुसरा पाठीवरल्या हुकाशी, आणि चित्त या दोहोंच्या मध्ये, अशा अवस्थेत कित्येक जणी घरचे कार्य पार पाडतात. जो पोशाख अंगावर असेपर्यंत क्षणभरही विसरता येत नाही, तो कितीही भरजरी असला तरी अर्धाच शिवलेला आहे, असे माझे नम्र मत आहे.

हे लिहिताना आपल्या हुन्नराविषयी अनादर मनात नाही. ज्या कुळात नामदेवांसारखा संत जन्मला आणि ज्याची पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबातही आदराने समाविष्ट झाली, त्या शिंपी-परंपरेचा अभिमान कोणाही मराठी माणसास असावयाचाच. आणि आपल्यापैकी जे अन्य परंपरांतून, अन्य धर्मांतून या व्यवसायात आले आहेत, त्यांच्याही बोटांतील कसब मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. तक्रार कसबाच्या अभावाची नाही. कसब असूनही ते दिसण्यावर सगळे खर्ची पडते, सोसण्यावर काहीच उरत नाही, ही तक्रार आहे.

आपला व्यवसाय आज ज्या जागी आहे तेथे तो कसा पोहोचला, याचे थोडे स्मरण करणे अवश्य वाटते. या प्रांतावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसून १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले, त्या काळापासून मराठी कुटुंबे छत्तीसगढात स्थिरावत गेली. त्यांच्या पेट्यांतून जे पोशाख इकडे आले असतील ते डोळ्यांसमोर आणावेत : पुरुषांचे धोतर आणि बाराबंदी, स्त्रियांचे नऊवारी लुगडे आणि पुढे गाठ मारावयाची खणाची चोळी. बाराबंदी बंदांनी आवळली जाई, चोळी गाठीने, आणि लुगडे निऱ्या खोचून व काष्टा घालून. याच मातीतील छत्तीसगढी स्त्रीचे लुगरेही न शिवलेलेच, आणि ते आखूड नेसून ती चिखलात उभी राहून भाताची रोपणी करीत आली आहे. या सर्व वस्त्रांचे वैशिष्ट्य हे की, ती किती घट्ट असावीत व किती सैल, याचा निर्णय नेसणारीच्या स्वतःच्या बोटांत होता. बाळंतपणाने देह बदलला, आजाराने वाळला, वयाने भरला, तरी गाठ त्याप्रमाणे सरकत असे; आणि खोचलेला काष्टा एवढा विश्वासाचा होता की, तो घालून स्त्रिया शेतात राबल्या आणि घोड्यावरही बसल्या.

समारंभाचा पोशाख निवडावा कसा, याचा धडा द्यावयास आमच्याकडे एक मोठे उदाहरणही आहे. अमेरिकेस वैद्यकी शिकावयास निघालेल्या आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली बंगालमधील सेरामपूर येथील सभेत, आपण आपला आचार व पोशाख न सोडता जाऊ, असे निक्षून सांगितले होते. अमेरिकेतील हिवाळ्यात नऊवारीच्या नेसणीने पाय उघडे पडतात असे दिसून आल्यावर त्यांनी साडी टाकली नाही. नेसण्याची पद्धत तेवढी बदलून गुजराती धर्तीची केली. १८८५ च्या ऑक्टोबरात काढलेल्या प्रसिद्ध छायाचित्रात त्या जपानच्या केई ओकामी व सिरियाच्या साबात इस्लामबुली या सहाध्यायिनींच्या शेजारी आपल्याच देशीच्या वेषात दिसतात, आणि पुढील मार्चमध्ये त्या पदवीधर डॉक्टर झाल्या. हवा, काम आणि मर्यादा या तिन्हींचा विचार करून पोशाखाची प्रतिष्ठा राखता येते, हे विशीतल्या एका मुलीने परमुलखात दाखवून दिले. आणि तिला ते करता आले, कारण तिचे वस्त्र तिच्या हाती होते.

गेल्या शतकाच्या पूर्वार्धात नऊवारी हळूहळू मागे पडली. पाचवारी साडी, तिच्याखाली परकर आणि वर बेतशीर शिवलेला ब्लाउज असा क्रम रूढ झाला. पुढे लेहंगे आले, गाऊन आले. नेसणारीच्या बोटांत असलेला घट्ट-सैलपणाचा निर्णय त्याबरोबर आपल्या कात्रीकडे आला. तो अधिकार आपण आनंदाने स्वीकारलात. त्यासोबतची जबाबदारी मात्र सेफ्टी पिनांच्या पुड्यावर सोपवून मोकळे झालात. सबब ती आपणांकडे परत सोपविण्यासाठी पुढील मागण्या क्रमाने मांडते.

पहिली मागणी मापाची. खांदा, छाती, कंबर, बाही, उंची आणि गळा एवढे आकडे आपण घाईने, बहुधा अंगावरील कपड्यांवरूनच घेता. आणि पुष्कळदा ‘जुना ब्लाउज द्या, त्यावरून बेततो’ असे म्हणून तेही टाळता. तो जुना ब्लाउज त्या वेळच्या देहाचा असतो, आणि वापराने ताणलेलाही असतो. शिवाय देहाचे माप एक नसते : बसल्यावर कंबरेचा व नितंबांचा घेर वाढतो, दीर्घ श्वासाने छाती रुंदावते, आणि दोन्ही हात पुढे घेतले की पाठ बाही ते बाही वाढते. तेव्हा जी अंतर्वस्त्रे समारंभात घालावयाची तीच घालून आलेल्या स्त्रीचे माप प्रथम उभ्याने, मग स्टुलावर बसवून आणि मग हात पुढे घ्यावयास लावून घ्यावे, आणि तिन्ही वेळचे आकडे वहीत लिहावेत, ही विनंती. ते पडद्याआड, शक्यतो स्त्री-कारागिराकडून घेतले जावे. आणि चार गिऱ्हाइकांदेखत आकडा मोठ्याने पुकारून वर ‘दीदी, जरा वजन घटाइए’ असा सल्ला देण्याचा शिरस्ता तर तत्काळ बंद व्हावा. आम्ही कापड देहाच्या बेताने कापून घ्यावयास येतो. देह कापडाच्या बेताने कापून घ्यावयास नव्हे.

दुसरी मागणी मुंढ्याची, आणि ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बगलेत बोचते अशी तक्रार केली की आपण मुंढा आणखी खाली कापता, आणि त्या क्षणी बोचणे थांबल्यामुळे गिऱ्हाईकही संतुष्ट होते. परंतु मुंढा बगलेपासून जितका खाली जाईल तितकी बाही अंगाच्या कापडाला अधिक खालून धरते, आणि हात उंचावताच सारा ब्लाउज वर ओढला जाऊन त्याची खालची पट्टी छातीवर चढते. याउलट मुंढा बगलेच्या निकट ठेवून बाहीलाच थोडी अधिक रुंदी दिली, तर हात वर जातो आणि अंग जागच्या जागी राहते. जुन्या अंगरख्याच्या बगलेत आपले पूर्वज चौबगला बसवीत, तो याच ज्ञानामुळे. तो चौकोनी तुकडा तिरपा पडल्याने हाताबरोबर ताणला जाई आणि शिवणीवर भार येऊ देत नसे. गळ्याला उरेब पट्टी लावताना तिरप्या कापडाचा हाच गुण आपण नित्य वापरता. तो बगलेत वापरावयास कोणती हरकत आहे? गळ्याविषयीही एक सूचना येथेच करते : पुढचा व मागचा असे दोन्ही गळे रुंद कापले की खांद्याला आधार उरत नाही आणि बाही उतरू लागते, म्हणून एक रुंद असेल तर दुसरा आवरावा, अथवा पाठीवर दोन्ही खांदे जोडणारी दोरी द्यावी. आणि ज्या मुली स्वागतसमारंभासाठी बिनखांद्याचा गाऊन शिवून घेतात, त्यांना तो छातीवर आवळून देऊ नये. असा गाऊन कंबरेवर तोललेला असावा लागतो. त्याच्या आत कंबरेला नेटकी बसणारी मजबूत फीत आणि उभ्या काड्या नसतील, तर ती मुलगी संध्याकाळभर गाऊन वर ओढीत राहणार, हे ठरलेलेच.

तिसरी मागणी मायेची. पूर्वी ब्लाउजच्या दोन्ही बाजूंना आत भरपूर माया सोडून त्यावर समांतर टिपा घालण्याची रीत होती. अंग भरले की एक टीप उसवावयाची, एवढेच काम. आता ओव्हरलॉकच्या यंत्राने शिवणीलगतचे कापड छाटून टाकले जाते, आणि हजारो रुपयांच्या साडीवरचा ब्लाउज दुसऱ्या वर्षी निरुपयोगी होतो. हिशेब अगदी सोपा आहे : प्रत्येक बाजूची टीप पाव इंच बाहेर सरकविली की पुढचा भाग, मागचा भाग आणि दोन बाजू मिळून घेरात पूर्ण एक इंच वाढतो. तेव्हा दर बाजूला किमान एक इंच माया असावी, अस्तरातही तेवढीच असावी, आणि ती सोडली आहे हे पावतीवर लिहून द्यावे.

चौथी मागणी कापडाचा स्वभाव ओळखण्याची. चांपा व रायगढ येथील कोशाचे रेशीम हे या प्रांताचे भूषण आहे. अर्जुन आणि साजा यांच्या पाल्यावर पोसलेल्या किड्यांचा तो धागा अंगावर घेताना येथील प्रत्येक स्त्रीस अभिमान वाटतो. परंतु हाताने विणलेल्या विरळ रेशमी कापडावर ताण आला की टीप तुटत नाही, तिच्या लगतचे धागे सरकून जाळी पडते, आणि ती जाळी मग कोणत्याही रफूगाराच्या आवाक्यातली राहत नाही. त्यातच रेशमी धागा ओला झाला की त्याचे बळ घटते, आणि आमच्या लग्नाचे मुहूर्त पडतात ते पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांकडे सरकत असतो तेव्हा. म्हणून कोशाचा ब्लाउज अंगाला चिकटवून शिवूच नये; त्यास सुती अस्तर द्यावे; ते आधी पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री करून मगच कापावे; आणि वरच्या कापडापेक्षा ते किंचित आखडते ठेवावे, म्हणजे सर्व ताण अस्तर सोसेल आणि कोसा सुखरूप राहील. चकचकीत कृत्रिम अस्तर स्वस्त पडते हे खरे, पण त्याच्या आत घामाने भिजून निघणारी स्त्री आपल्या दुकानाचे नाव ज्या भाषेत काढते, ती ऐकण्यासारखी नसते.

पाचवी मागणी बंदांची. वॉल्टर हंट नामक अमेरिकन गृहस्थाने १८४९ साली सेफ्टी पिनेचे पेटंट घेतले, तेव्हा आपल्या या लहानशा वस्तूवर भारतातील लग्नसमारंभांची सारी अब्रू अवलंबून राहील, याची त्यास कल्पनाही नसेल. ही पाळी येते ती पोशाखाचे बंदच पुरे पडत नाहीत म्हणून. पाठीवरचे हूक दुसऱ्याच्या मदतीवाचून लागत नाहीत. जी स्त्री एकटी राहते, जिचे खांदे वयाने आखडले आहेत, तिने काय करावे? हूक पुढे अथवा बगलेखाली देण्याची तयारी ठेवावी. हुकांच्या मागे रुंद पट्टी असावी, म्हणजे एखादा निसटला तरी अंग दिसणार नाही. चेन दिली तर तिच्या माथ्यावर एक हूक असावाच, कारण भार पडला की चेन वरूनच उघडू लागते. पाठीवरची लटकनांची दोरी शोभेची समजावी. तिच्यावर भार टाकू नये. आणि ज्या डाव्या खांद्यावर जरीच्या पदराचे ओझे संध्याकाळभर असते, तेथील शिवणीत आतून पक्की फीत घालावी, म्हणजे पिनेचा ताण रेशमाऐवजी त्या फितीवर पडेल. या साऱ्यास आपल्यासारख्यांच्या हाती कितीसा वेळ लागतो?

सहावी मागणी शिवलेल्या नऊवारीविषयी. मंगळागौरीसाठी व पाडव्यासाठी तयार नऊवारीची मागणी रायपुरातही वाढली आहे, आणि नेसावयास न शिकलेल्या मुलींची त्यामुळे सोय झाली, हे मी मोकळेपणाने मान्य करते. परंतु हे वस्त्र पायजम्यासारखे बेतताना आपण त्याचे आसन अपुरे ठेवता, आणि परिणामी फुगडीला बसलेली मुलगी उठताना काष्ट्याची शिवण उसवते. ज्या काष्ट्याच्या भरवशावर तिच्या आज्या-पणज्या निर्धास्त वावरल्या, तो शिवल्यामुळे अधिक पक्का व्हावयाचा, की अधिक कच्चा? मांडी घालून व उकिडवे बसवून पाहिल्यावाचून शिवलेली नऊवारी गिऱ्हाइकाच्या हवाली करू नये, आणि कंबरेस केवळ इलॅस्टिक न देता नेफ्यात नाडीही ओवावी.

सातवी मागणी मुदतीची. हळदीच्या आदल्या रात्री ब्लाउज हाती पडला तर त्यातील दोष दिसूनही काही करता येत नाही, आणि ‘अल्टर करून देऊ’ या आश्वासनाला त्या वेळी काडीचा अर्थ नसतो. कच्च्या टाक्यांवर एक ट्रायल आणि कार्याच्या किमान आठ दिवस आधी तयार वस्त्र, हा करार पावतीवर असावा. जितके काम या मुदतीत होईल तितकेच घ्यावे.

आठवी आणि शेवटची मागणी तयार कपड्यांच्या विक्रेत्यांकडे आहे. एका दुकानातील ‘लार्ज’ दुसऱ्या दुकानात ‘डबल एक्सेल’ ठरते, आणि त्या अक्षरांमागे कोणता देह कल्पिला आहे, हे विकणाऱ्यासही ठाऊक नसते. भारतीयांच्या देहाची स्वतंत्र मापे ठरविण्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने सहा शहरांत पंचवीस हजार लोकांची मापे यंत्राने घेण्याचे काम हाती घेतले; त्या सहांत रायपूर नाही. तेव्हा लेबलावरच्या अक्षरांवर विसंबू नका. प्रत्येक पोशाखावर छाती, कंबर, नितंब आणि उंची हे चार आकडे इंचांत लिहून ठेवा. कपडे घालून पाहण्याच्या खोलीत आरसा तर असतोच. तेथे एक खुर्चीही ठेवावी. ग्राहकाने त्या पोशाखात बसून, वाकून, हात वर करून पाहिल्यावरच विक्री पुरी झाली असे समजावे, आणि शिवण न उसवलेला कपडा आठवड्याच्या आत बदलून द्यावा.

इतके मागितल्यावर आमच्या बाजूचा करारही लिहून देणे न्याय्य होय. आम्ही कापड वेळेवर आणून देऊ, आणि कार्यात जी पादत्राणे घालणार ती ट्रायलला घालून येऊ, म्हणजे उंचीचा वाद उरणार नाही. मासिकातील छायाचित्र पुढे करून ‘अगदी अस्सेच’ असा हट्ट धरण्यापूर्वी त्या पोशाखात आम्हांला किती वेळ बसावयाचे आहे, हे आपणांस सांगू. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिलाईच्या दरात घासाघीस करणार नाही; हजारोंची साडी घेणाऱ्या हातांनी तिच्यावरच्या ब्लाउजच्या मजुरीतून पन्नास रुपये कापून घ्यावेत, ही रीत आम्हां गिऱ्हाइकांना शोभत नाही. अस्तर, माया, फीत, ट्रायल या प्रत्येकाला वेळ लागतो, आणि वेळेचे मोल देणे आमचे कर्तव्य आहे.

तेव्हा या अक्तीपूर्वी एवढे करावे : वर लिहिलेल्या आठ मागण्यांपैकी ज्या आपणांस मान्य असतील त्या, आणि त्यांसाठी शिलाईचा जो दर वाढवावा लागेल तो, अशी यादी दुकानाच्या दर्शनी भागी हिंदीत लावावी. ज्या अमान्य असतील त्यांचे कारण विचारणाऱ्यास सांगावे. आपल्या अनुभवापुढे आमची एखादी मागणी चुकीची ठरली तर ती आम्ही मागे घेऊ. महाराष्ट्र मंडळातील व शेजारपाजारच्या माझ्या मैत्रिणींना मी हे पत्र वाचून दाखविले असून, ज्या दुकानात अशी यादी दिसेल तेथेच यंदाचे कापड टाकावयाचे, असे आमचे ठरले आहे.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपली नम्र,
तात्यापाऱ्यातील एक जुनी गिऱ्हाईक